वारंवार विचारले जाणारे प्रश्न: उत्तरेकडची गारठलेली माती आणि तिच्यातले जड धातू

मी कॅनडात सडबरीला असते, काम माती-पाण्याच्या तपासणीचं. इकडे नवीन घर घेतलेली मराठी मंडळी, तिकडे एन्व्हायर्नमेंट शिकणारी पोरं आणि "ताई, एक छोटीशी शंका" म्हणत चार पानी मेसेज टाकणारे काका, सगळे मिळून फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून ते एकदाचे इथे गोळा केलेत. सुरुवात सोप्यापासून आहे, पुढे अपवाद आणि भानगडी. जे एका उत्तरात सांगून झालंय ते पुन्हा नाही लिहिलेलं, तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. जड धातू म्हणजे नक्की कोणते? आणि सगळेच विषारी का?

शिसं, कॅडमियम, पारा, निकेल, तांबं, जस्त, कोबाल्ट वगैरे. आर्सेनिक काटेकोरपणे धातू नाही, पण त्याचा त्रास तसाच म्हणून त्यालाही याच यादीत धरतात. शिसं, पारा, कॅडमियम यांचा शरीराला काडीचा उपयोग नाही. तांबं आणि जस्त मात्र थोडं लागतंच, पिकालाही आणि आपल्यालाही. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण ते पिढ्यानपिढ्या मारतायत आणि ते तांबंच असतं. त्यामुळे "मातीत धातू सापडला" या वाक्याला तसा अर्थ नाही, धातू प्रत्येक मातीत असतो. किती आहे, कुठल्या रूपात आहे आणि तो मुळापर्यंत किंवा तोंडापर्यंत पोचतोय का, हे विचारायचं.

२. उत्तरेला ना माणसं ना गर्दी, मग एवढं प्रदूषण आलं कुठून?

खाणींमधून आणि त्याहून जास्त धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांमधून. इथलं खनिज बहुतेक सल्फाइडचं, म्हणजे निकेल-तांब्याला गंधक चिकटलेलं. गंधक जाळून काढल्याशिवाय धातू हाती येत नाही, आणि जाळलं की सल्फर डायऑक्साइड आणि धातूची बारीक धूळ दोन्ही हवेत.

सडबरीत १८८३ ला कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचं काम चालू असताना हे खनिज सापडलं. सुरुवातीला चिमणी वगैरे काही नव्हतंच. आजूबाजूचं जंगल तोडायचं, लाकडाची रास घालायची, वर खनिजाचा ढीग आणि आग लावून द्यायची, असे ढीग महिनोन्महिने धुमसत राहायचे आणि धूर वर न जाता जमिनीलगतच पसरायचा. हे १९२९ पर्यंत चाललं. आधी झाडं लाकडासाठी गेली, उरलेली धुराने गेली, मग उघड्या टेकडीवरची माती पावसाने वाहून गेली आणि खाली काळा पडलेला खडक राहिला.

रशियात कोला द्वीपकल्पावर निकेल (हो, गावाचं नावच निकेल) आणि मोंचेगोर्स्क, आणि सैबेरियात ६९ अक्षांशाच्याही वर नोरिल्स्क. नोरिल्स्क १९३५ पासून गुलागच्या (सोव्हिएत सक्तमजुरीच्या छावण्यांच्या) कैद्यांच्या मजुरीवर उभं राहिलं. तिथून कित्येक वर्षं दरवर्षी १८-२० लाख टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडत होता, एका शहरातून! तो कमी करायचा मोठा प्रकल्प तिथे २०२३ ला कुठे सुरू झाला.

सगळंच भट्टीतून येतं असंही नाही. अलास्कातल्या रेड डॉग या जस्त-शिशाच्या खाणीपासून बंदरापर्यंत साधारण ८४ किलोमीटरचा रस्ता आहे, त्यावरून जाणाऱ्या ट्रकमधून उडालेल्या धुळीमुळे रस्त्याकडेच्या शेवाळात शिसं आणि कॅडमियम चढलेलं २००० च्या आसपास लक्षात आलं, त्यानंतर ट्रकना घट्ट बसणारी झाकणं लावली. साधी गोष्ट, पण ती आधी कोणाला सुचली नव्हती.

३. थंडीने असा काय फरक पडतो? माती ती माती ना?

सगळा घोळ इथेच आहे, म्हणून हे उत्तर लांबेल.

पहिलं म्हणजे इथे काही कुजतच नाही. आपल्याकडे पालापाचोळा एका पावसाळ्यात मातीत मिसळून जातो, इथे सूचिपर्णी झाडांच्या सुया वर्षानुवर्षं पडून राहतात आणि जमिनीवर पाच-दहा सेंटीमीटरची स्पंजसारखी काळपट गादी तयार होते. हवेतून पडणारी धातूची धूळ आधी या गादीत अडकते. तांबं आणि शिसं त्यातल्या सेंद्रिय पदार्थाला इतकं घट्ट धरून बसतं की दशकं गेली तरी हलत नाही. निकेल, जस्त, कॅडमियम जरा सैल बांधलेलं असतं, ते हळूहळू खाली किंवा ओढ्याकडे सरकतं. आणि धातू वाढला की कुजवणारे जिवाणू-बुरशी आणखी सुस्तावतात, म्हणजे पाला अजून कमी कुजतो, गादी अजून वाढते. दुष्टचक्र.

दुसरं, माती मुळातच आंबट. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकी माती आंबट) ४ च्या आसपास असणं इथे नेहमीचंच, त्यावर गंधकाच्या धुराने आणखी आम्ल. आंबट मातीत धातू पाण्यात उतरतो आणि मुळांना सहज मिळतो.

तिसरं बर्फ. हिवाळाभर जे हवेतून पडतं ते बर्फात थरावर थर साठत जातं आणि वसंतात बर्फ वितळताना सुरुवातीच्याच पाण्याबरोबर त्यातला बराचसा आम्ल-धातूचा हिस्सा निसटतो. खालची जमीन तेव्हा अजून गोठलेली, पाणी मुरायला जागा नाही, ते सरळ ओढ्यात. वर्षभराचा डोस थोड्या दिवसांत.

चौथं, पर्माफ्रॉस्ट म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेलीच राहणारी जमीन असेल तर (सडबरीत नाही, नोरिल्स्कला आहे) उन्हाळ्यात वरचा पातळ थर तेवढा वितळतो आणि खाली बर्फाची फरशी. पाणी खाली जाऊच शकत नाही, आडवं वाहतं, आणि मुळं, पाणी, धातू सगळं त्याच वीतभर-हातभर थरात.

आणि झाडांचा मोसम आखूड, अगदी उत्तरेला तर दोन-तीन महिन्यांचाच. एकदा टेकडी बोडकी झाली की तिला परत हिरवं व्हायला वेळच मिळत नाही. आपल्याकडे रस्त्याच्या भिंतीतून पिंपळ उगवतो, त्या हिशोबाने इथला विचार करूच नका.

४. भट्टीपासून किती लांबपर्यंत माती खराब असते?

धुळीतले जाडे कण जवळच पडतात. म्हणून अगदी ओसाड पट्टा सहसा पहिल्या काही किलोमीटरात, आणि मोजता येईल इतका धातू त्यापुढे काही दहा किलोमीटरपर्यंत. पण हे वर्तुळ कंपासने काढल्यासारखं नसतं, वाऱ्याच्या दिशेने लांबट होतं, डोंगर आडवा आला की तुटतं, आणि हिवाळ्यात दरीतल्या थंड हवेवर उबदार हवेचं झाकण बसलं की धूर दरीतच कोंडतो.

चिमणी उंच केली की गावाला आराम आणि लांबच्यांना ताप. सडबरीत १९७२ ला ३८१ मीटरची सुपरस्टॅक नावाची चिमणी बांधली, गावातली हवा सुधारली हे खरं, पण धूर वर जाऊन दूर पसरला आणि लांबच्या तळ्यांपर्यंत आम्ल पोचलं. खरा फरक पडला तो उत्सर्जनच कापल्यावर. तिकडे निकेल गाव नॉर्वेच्या हद्दीला खेटून, तर पास्विक खोऱ्यातल्या नॉर्वेजियन लोकांनी दुसऱ्या देशातल्या चिमणीबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. धुराला व्हिसा लागत नाही.

५. नासाचे अंतराळवीर सडबरीत आले ते इथली जमीन चंद्रासारखी ओसाड झाली होती म्हणून, खरंय का?

नाही. पाहुण्यांना फिरवताना सगळे हेच सांगतात, ऐकायला भारी वाटतं. अपोलो १६ आणि १७ चे अंतराळवीर १९७१-७२ मध्ये आले ते इथले खडक बघायला. सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वी इथे प्रचंड उल्का आदळली, त्या धक्क्याने खडकात शंकूच्या आकाराच्या खुणा उमटल्या, तशा चंद्रावर कशा ओळखायच्या याचा तो अभ्यास होता. निकेलचं खनिजही त्याच आघाताच्या कृपेने.

६. मातीचा रिपोर्ट आलाय, तांबं मर्यादेच्या दुप्पट! घर विकू का?

थांबा जरा. रिपोर्टवरचा मिलिग्रॅम प्रति किलो हा आकडा एकूण धातूचा असतो. लॅबमध्ये माती कडक आम्लात उकळून जेवढा निघेल तेवढा काढतात. तुमच्या पोटात किंवा पालकाच्या मुळात असं आम्ल नसतं, त्यातला किती धातू खरंच मोकळा आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही.

कॅनडाच्या घरगुती जमिनीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक पातळ्या बघा: आर्सेनिक १२, तांबं ६३, शिसं १४०, सगळं मिलिग्रॅम प्रति किलो. आता गंमत, आपल्या दख्खनच्या बेसाल्टवरच्या काळ्या मातीत तांबं मुळातच जास्त असतं, काही ठिकाणची माती तांब्याचा हा ६३ चा आकडा आरामात ओलांडेल. म्हणून काय विदर्भ-मराठवाडा विषारी? नाही. त्या मातीचा पीएच ८ च्या आसपास आणि चिकणमाती भरपूर, तांबं जखडलेलं असतं. तोच आकडा पीएच ४ च्या वाळूमिश्रित मातीत असेल तर मात्र मी गंभीर होईन.

म्हणून रिपोर्ट मागताना तीन गोष्टी जोडीला मागा: पीएच, सेंद्रिय पदार्थ किती, आणि सौम्य द्रावणात उतरणारा धातू किती. नुसत्या एकूण आकड्यावरून घाबरवणारा आणि नुसत्या एकूण आकड्यावरून "काळजी नको" म्हणणारा, दोघांवरही विश्वास ठेवू नका. शिसं आणि घरात लहान मूल असेल तर मात्र माझा सल्ला कडक आहे, ते पुढच्या उत्तरात.

७. आई-बाबा उन्हाळ्यात येतात आणि मागच्या अंगणात मेथी-पालक लावतात. खायचं की नाही?

बहुतेकांनी खुशाल खायचं, पण थोडं डोकं वापरून. सडबरीपुरतं बोलायचं तर इथे मोठा माती-अभ्यास झाला, त्याचा आरोग्याचा भाग २००८ ला जाहीर झाला. एकंदर धोका कमी निघाला, तांबं, आर्सेनिक, कोबाल्ट, सेलेनियम यांच्याबद्दल चिंतेचं कारण नाही असा निष्कर्ष, अपवाद म्हणून भट्टीजवळच्या काही वस्त्यांत मातीतलं शिसं आणि हवेतलं निकेल.

पालेभाज्या, त्यातही पालक आणि लेट्यूस, कॅडमियम ओढून घेण्यात पुढे. टोमॅटो, वांगी, काकडी अशा फळभाज्यांत धातू कमी पोचतो. मुळा-गाजराला माती चिकटून येते, साल काढा. मेथीचं म्हणाल तर पानात शोषलेल्या धातूपेक्षा पानाच्या मागे आणि देठाच्या बेचक्यात बसलेली माती जास्त पोटात जाते. आपल्याकडे मेथी निवडून एका पाण्यातून काढतात, इथे मोठ्या पातेल्यात बुडवून वर उचलून घ्या, पाणी ओतून भाजी काढू नका, नाहीतर तळाची रेती परत भाजीवर. पातेल्याच्या तळाशी रेती दिसायची थांबली की झालं.

आकडे खरंच जास्त असतील तर लाकडी चौकट ठोकून विकतची माती भरा आणि त्यात लावा. आणि चपला दाराबाहेर, हा आपला नियम इथे सोन्यासारखा आहे, अंगणातली धूळ घरात येऊन फरशीवर रांगणाऱ्या बाळाच्या हाताला आणि हातावरून तोंडात, मुलांमध्ये शिसं जाण्याचा मोठा मार्ग हाच. बाळ असलेल्या घरात उघडी माती ठेवू नका, गवत लावा किंवा लाकडाचा भुसा पसरा, आणि शंका असेल तर मुलाच्या रक्तातल्या शिशाची तपासणी डॉक्टरांना विचारून घ्या.

८. जंगलातल्या ब्लूबेरी आणि मशरूमचं काय?

ब्लूबेरी सडबरीची शान. आंबट, हलक्या, उघड्या जमिनीत तिला बरं वाटतं, म्हणून एकेकाळच्या ओसाड टेकड्यांवर ती मजेत वाढते. फळात धातू तसा कमी जातो, वर बसलेली धूळ धुवून टाकायची.

मशरूमच्या बाबतीत मी हात आखडता घेते. बुरशीचे धागे त्याच काळ्या गादीत (प्रश्न ३) पसरलेले, आणि काही जातींचे मशरूम कॅडमियम आणि पारा साठवतातच, स्वच्छ जंगलातही. भट्टीच्या किंवा जुन्या खाणीच्या आसपासचे मशरूम मी खात नाही. कॅनडाच्या पार उत्तरेला यलोनाइफला जायंट नावाची जुनी सोन्याची खाण आहे, तिच्याजवळ राहणाऱ्यांनी तिथल्या आरोग्य खात्याच्या सूचना बघूनच बेरी-मशरूम-मासे ठरवावेत, तिथली गोष्ट वेगळी आहे (प्रश्न १३ आणि १५).

९. रेनडियरच्या मांसात धातू असतो म्हणतात. तो माती खातो का?

माती नाही, लायकेन खातो, विशेषतः हिवाळ्यात. लायकेन म्हणजे तुमच्या मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल, त्याचेच भाऊबंद. गोडा मसाला करताना दगडफूल हातात घेऊन बघा: वरून राखाडी, खालून काळं, मूळ नाही, खोड नाही. मूळच नसल्यामुळे ते जगतं हवेतून आणि पावसातून येणाऱ्या क्षारांवर, आणि हवेत शिसं-कॅडमियम असेल तर तेही तसंच आत घेऊन बसतं, टाकून द्यायची सोय नाही. वाढ वर्षाला काही मिलिमीटर, म्हणजे एका घासात कित्येक वर्षांची धूळ.

कॅडमियम प्राण्याच्या यकृतात आणि मूत्रपिंडात साठतं, मांसात फार कमी. म्हणून उत्तरेकडे मांस खा, यकृत-मूत्रपिंड बेताने, असा सल्ला देतात. सामी, नेनेत्स, डेने या उत्तरेच्या मूळ रहिवाशांसाठी हा प्राणी म्हणजे नुसतं जेवण नव्हे, अख्खं जगणं त्याच्याभोवती, तेव्हा "खाऊ नका" असं शहरात बसून सांगणं सोपं आणि बावळटपणाचं.

शेवाळाचंही असंच, म्हणून स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी शेवाळ तपासून हवेतल्या धातूंचा नकाशा काढायची पद्धत निघाली, पुढे ती युरोपभर गेली. यंत्र नको, वीज नको, जंगलात आधीच बसवलेलं.

१०. भट्टी बंद झाली म्हणजे माती हळूहळू आपोआप साफ होईल ना?

हवा होते. माती नाही, किंवा आपल्या हयातीत नाही. निकेल गावची भट्टी डिसेंबर २०२० ला बंद झाली, नोरिल्स्क शहरातला जुना निकेल कारखाना २०१६ ला. बातम्यांत लोकांनी मोकळा श्वास घेतल्याचे फोटो आले आणि ते खरंही आहे. पण गादीत बसलेलं तांबं कुठे जाणार? इथे सडबरीत १९२९ ला थांबलेल्या त्या उघड्या ढिगांच्या जागा अजून ओळखू येतात. मला कोणी एकच गोष्ट सांग म्हटलं तर हीच सांगेन: चिमणी बंद करणं हा हवेचा इलाज आहे, मातीचा इलाज वेगळा करावा लागतो, आणि पैसे बहुतेक वेळा पहिल्यावरच संपतात.

११. मग सडबरी हिरवी कशी झाली? माती उपसून नेली का?

उपसून न्यायची तर कुठे नेणार, हजारो हेक्टर टेकड्या. १९७८ पासून इथे वेगळंच केलं. भरडलेला डोलोमाइटचा चुनखडी दगड पोत्यांत भरून, टेकडीवर यंत्र चढत नाही म्हणून विद्यार्थी आणि काम गेलेल्या खाणकामगारांनी पाठीवर वाहून नेला आणि हाताने पसरला, हेक्टरी साधारण १० टन. मागून खत, मागून गवत आणि द्विदल वनस्पतींचं बी.

चुन्याने धातू नाहीसा होत नाही. पीएच वाढतो, निकेल-तांबं न विरघळणाऱ्या रूपात जातं, आंबट मातीत मोकळं झालेलं ॲल्युमिनियमही गप्प बसतं, आणि डोलोमाइटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळतं. मुळाला जगण्यापुरती जागा मिळते. गवत आल्यावर बर्च आपण होऊन उगवले, मग पाइन लावले, आजवर एक कोटीच्या वर झाडं झालीत. पुढे असंही लक्षात आलं की झाडं आली तरी जंगलातली खालची वनस्पती, शेवाळ, बुरशी आपण होऊन येत नाहीत, तेव्हा रस्त्याच्या कामात जाणाऱ्या चांगल्या जंगलातले मातीसकट चौकोन कापून इथे आणून बसवायला लागले.

माझं मत विचाराल तर हे उत्तम काम आहे, पण "सडबरी साफ झाली" म्हणणं चूक. सडबरी झाकली गेली, सांभाळली जातेय. तो धातू तिथेच आहे. कोलामध्ये मोंचेगोर्स्कजवळही चुना-खत-गवत आणि विलो-बर्चचे असे प्रयोग झालेत, पण तिथला उन्हाळा आणखी आखूड.

१२. धातू शोषणारी झाडं लावून माती साफ करता येते असं वाचलं. ते का नाही करत?

इंजिनिअरिंगच्या पोरांचा लाडका प्रश्न. हिशोब करा. एका हेक्टरात वरच्या १० सेंटीमीटरची माती साधारण १,३०० टन. निकेल १,००० मिलिग्रॅम प्रति किलो असेल तर धातू झाला १,३०० किलो. थंडीतलं गवत वर्षाला दोन टन सुकं वजन देईल, त्यात १०० मिलिग्रॅम प्रति किलो निकेल धरलं तर वर्षाला निघालं २०० ग्रॅम. म्हणजे साडेसहा हजार वर्षं.

निकेल अक्षरशः पिणाऱ्या जाती आहेत, पानात १ टक्का निकेल साठवणाऱ्या, आणि अल्बानियासारख्या उबदार देशात त्यांचं पीक घेऊन बघितलंय. १० टन पीक आलं तर वर्षाला १०० किलो, हिशोब बसतो. पण ते पीक आर्क्टिकच्या उन्हाळ्यात आणि आंबट मातीत येत नाही. थंडीत झाडाचं काम धातू ओढणं नाही, माती धरून ठेवणं आहे.

१३. पर्माफ्रॉस्ट वितळतोय, मग आत गोठलेले धातू बाहेर येतील का?

येतायतच. अलास्काच्या ब्रुक्स रेंजमध्ये ७५ नद्या-ओढे नारिंगी झाल्याचं २०२४ ला प्रसिद्ध झालं, आणि तिथे खाण नाही काही नाही, वितळलेल्या जमिनीतल्या सल्फाइड खडकाला पहिल्यांदाच पाणी-हवा लागली आणि लोह, जस्त, निकेल, कॅडमियम सुटलं. पाऱ्याचं वेगळं: वनस्पतींनी हजारो वर्षं हवेतला पारा घेतला, त्या न कुजता गोठल्या. २०१८ च्या एका अंदाजात उत्तर गोलार्धाच्या पर्माफ्रॉस्ट भागातल्या जमिनीत साधारण १६ लाख टन पारा धरलाय, नंतरच्या काही अंदाजांत आकडा बराच कमी आला, तरी साठा मोठाच.

दुसरा धोका माणसाने बांधलेल्या गोष्टींचा. २९ मे २०२० ला नोरिल्स्कला टाकी फुटून सुमारे २१,००० टन डिझेल सांडलं, कंपनीने वितळत्या जमिनीकडे बोट दाखवलं, सरकारी तपासात बांधकामातले दोषही निघाले. मला दुसरं जास्त पटतं. पर्माफ्रॉस्टवर बांधताना जमीन वितळेल हे धरूनच बांधायचं असतं.

आणि यलोनाइफची जायंट खाण. १९४८ ते २००४ सोनं काढलं, मागे २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइडची भुकटी जमिनीखालच्या कप्प्यांत राहिली, आणि ही भुकटी पाण्यात विरघळते. आता तिथली जमीन मुद्दाम गोठवतायत. कप्प्यांभोवती उभ्या बंद नळ्या खुपसल्यात, आत कार्बन डायऑक्साइड. हिवाळ्यात वरच्या टोकाला थंडीने त्याचं द्रव होतं, ते खाली ओघळतं, जमिनीची उष्णता घेऊन परत वायू होऊन वर येतं. पंप नाही, वीज नाही, बाहेर थंडी आहे तोवर चालूच. थंडी आहे तोवर, हे महत्त्वाचं. एकूण सफाईचा खर्च ४०० कोटी डॉलरच्या वर गेलाय.

१४. सॅम्पल कसं घ्यायचं? हिवाळ्यात चालेल का?

मातीचं उन्हाळ्यात, बर्फाचं हिवाळ्याच्या शेवटी. बर्फ वितळायला लागायच्या आत वरपासून खालपर्यंत नळीने उभा तुकडा काढला की अख्ख्या हिवाळ्याची धूळ हातात येते. हे नुसतं अभ्यासाचं नाही, यलोनाइफजवळ १९५१ ला आर्सेनिक पडलेला बर्फ वितळवून प्यायल्याने डेने वस्तीतलं एक लहान मूल गेलं.

मातीत सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे वरची काळी गादी आणि खालची खरी माती एकाच पिशवीत कालवणं. दोन्ही वेगळ्या पिशव्यांत भरा. आणि आकडे वाचताना वजन लक्षात ठेवा: एका चौरस मीटरात ५ सेंटीमीटरची गादी भरते साडेसात किलोच्या आसपास, तेवढीच खनिज माती ६५ किलो. दोन्हीकडे निकेल १,००० दाखवलं तर गादीत धातू साडेसात ग्रॅम आणि मातीत ६५. आकडा सारखा, माल नऊपट.

दोन थर वेगळे काढण्याचा दुसरा फायदा म्हणजे धातू आभाळातून पडलाय की खडकातून आलाय ते कळतं. वर जास्त आणि खाली झपाट्याने कमी असेल तर बहुतेक चिमणी. वरपासून खालपर्यंत सारखा किंवा खाली जास्त असेल तर खडकच तसा. पक्कं करायला शिशाचे समस्थानिक (एकाच धातूचे वजनाने वेगळे अणू) तपासतात, पण ते महाग, घरगुती कामाला नको.

१५. चुना एवढा गुणी तर मी पण अंगणात दोन पोती टाकू का?

आधी रिपोर्ट बघा, कारण चुना आर्सेनिकवर उलटतो. निकेल, तांबं, जस्त, कॅडमियम पीएच वाढला की जखडतात, आर्सेनिक, सेलेनियम आणि मॉलिब्डेनम मात्र पीएच वाढला की मोकळे व्हायला लागतात. फॉस्फेट खताचंही तसंच, शिशाला ते बांधतं पण आर्सेनिकला जागेवरून ढकलून बाहेर काढतं. म्हणून सडबरीची कृती उचलून यलोनाइफला नेली तर घोटाळा, तिथे लोहयुक्त पदार्थ मिसळणं किंवा वरून स्वच्छ माती टाकून झाकणं जास्त बरं. शिवाय यलोनाइफच्या खडकातच आर्सेनिक जास्त, तिथल्या घरगुती जमिनीसाठी २००३ च्या नियमात राष्ट्रीय १२ (प्रश्न ६) ऐवजी १६० ची पातळी धरली होती, त्यातलं किती निसर्गाचं आणि किती खाणीचं यावर अजून वाद घालता येतो.

आर्सेनिक नसेल तर बागकामाच्या दुकानातला डोलोमाइट चुना घ्या, बांधकामाचा नको, पीएच ६.५ च्या आसपास आणायचा आणि थांबायचं. एकदम ओतू नका, दोन मोसमांत विभागून टाका, थंड मातीत तो मुरायला वेळ लागतो. दर काही वर्षांनी पीएच परत तपासा, खाली उतरला तर जखडलेला धातू पुन्हा सुटतो. आणि कुंपणाला ब्लूबेरी लावलेली असेल तर ती बाजू सोडून टाका, तिला चुना अजिबात सोसत नाही.